पंचेचाळीस मिलिमीटर खाली

गाडीत नेहमी किती माणसं बसतात, असं मास्तरांनी विचारलं आणि तो म्हणाला, एकच. उत्तर इतक्या पटकन गेलं की ते आपण दिलं हे त्याला मागाहून कळलं. मास्तर म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉक बसवणारे साठीतले गृहस्थ. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला चार गोष्टी समजावून सांगितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही ही त्यांची खोड, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर, गाडीच्या नंबराखाली, खडूने एक हा आकडा काढला आणि वजन विचारलं. चौऱ्याहत्तर, तो म्हणाला. तेही लिहिलं गेलं. मग मास्तर कोपऱ्यात गेले आणि वाळूच्या पिशव्या एकेक उचलून काट्यावर ठेवू लागले. तो चहाचा पेला हातात धरून फळ्याकडे बघत उभा राहिला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते आणि पाय तरी खाली जातो, तसं त्याला झालं. चहा निवेपर्यंत ते गेलं नाही.

खरं तर हा प्रश्न त्याच्याच धंद्यातला. तो लिफ्टांचा तपासनीस होता. वीस वर्षं तो इमारतींत जाऊन लिफ्टच्या आतली पाटी वाचत आला होता, सहा माणसं, चारशे आठ किलो, आणि ती पाटी खरं बोलते की नाही हे बघत आला होता. माणसांच्या जागी लोखंडी वजनं ठेवायची, सव्वापट ठेवायची, लिफ्ट वरखाली न्यायची आणि प्रत्येक मजल्यावर वाकून बघायचं, की लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका पातळीत येतात का. दहा मिलिमीटरपर्यंत तो काही बोलत नसे. त्यापुढे मात्र मालक कितीही बडा असो, चहाबरोबर बिस्किटं येवोत, शेरा मारल्याशिवाय तो बाहेर पडत नसे. माणशी अडुसष्ट किलो हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुठे घोळका दिसला की तो मनात गुणाकार करू लागे. बायको म्हणायची, याच्या लेखी मी अडुसष्ट किलो, माझी आई अडुसष्ट किलो, आणि साहेबही अडुसष्टच. चारचौघांत हे सांगून ती हशा मिळवी, आणि त्यात त्याचाही आवाज असे. अशा माणसाने माणसं मोजताना चुकावं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने न्हाणीघरात बुडावं. तो सबब शोधू लागला. मास्तरांनी ‘नेहमी’ म्हटलं होतं. नेहमी तो एकटाच असतो. बायको बसने जाते, मुलगी सायकलने. तिघांनी मिळून बसणं महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. सबब चांगली होती, तिच्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी ती घशाखाली उतरेना.

गाडी राखाडी, लहान, पाच दारांची, पण इंजिन दणकट. कंपनीने तिला मागे छोटासा पंख लावला होता आणि चाकं मोठी दिली होती. बाकी सगळं ठीक होतं. मग गेल्या वर्षी एका दुपारी, इमारतीखाली ती उभी असताना, त्याला चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट दिसली. चार बोटं सहज जातील एवढी. आधीही ती असणारच, पण तोवर दिसली नव्हती, आणि त्या दुपारनंतर दुसरं काही दिसेना. गाडी टाचा उंचावून, कुणाची तरी वाट बघत उभी असल्यासारखी वाटे. त्याने वाचायला सुरुवात केली. रात्रीचं जेवण झालं की बायको आणि मुलगी आपापसांत बोलत, आणि तो मोबाइलवर कॉइलओव्हर नावाच्या शॉकबद्दल वाचे. शॉकच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावरच स्प्रिंग चढवलेली असते, आणि खालची कडी फिरवली की गाडी केसाकेसाने वर किंवा खाली करता येते. केसाकेसाने, हा शब्द त्याला आवडला. त्याने एकदा बायकोला खाली नेऊन ती फट दाखवली. तिने वाकून पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, आणि म्हणाली, तू दाखवलीस म्हणून दिसली, नाहीतर मला आयुष्यात दिसली नसती. मग तिने स्वतःची चार बोटं त्यात घालून बघितली. पाचवं पण जाईल, म्हणाली. सहा महिने त्याने फक्त वाचलं. मास्तरांना फोन केला तो या बुधवारी, आणि त्यांनी आजची, शनिवारची वेळ दिली.

कारण मंगळवारी संध्याकाळी ताटं पुसता पुसता बायकोने सांगितलं होतं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती, सतरा वर्षं. आता त्यांची नवी प्रयोगशाळा निघत होती, गाडीने सहा तासांवरच्या शहरात, आणि तिथली प्रमुख म्हणून तिला विचारलं होतं. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, तिला तिथल्या कॉलेजात घालता येईल. राहायला दोन खोल्या मिळतील. सोमवारी सकाळी हो की नाही कळवायचं आहे. हे सगळं तिने ओळीने सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, आणि मग विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, तुझं तू ठरव, मी आड येणार नाही. हे म्हणताना त्याला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं होतं. तिने हातातलं ताट दोन्ही बाजूंनी पुसलं, ते कोरडं झालेलं असूनही आणखी एकदा पुसलं, आणि म्हणाली, “आड येणार नाहीस हे मला माहीतच आहे.” त्या रात्रीपासून ती थांबली होती. रागावली नव्हती, अबोला नव्हता, भाजीत मीठ नेहमीइतकंच पडत होतं. ती फक्त थांबली होती, आणि कशासाठी हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दोन वाक्यं होती. एक, जाऊ नकोस. दुसरं, मीही येतो. दोन्हींपैकी कोणतंही चाललं असतं. लिफ्टा काय, सगळीकडे असतात, आणि सगळीकडे त्या तपासाव्याच लागतात. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे चार दिवस गेले. बोलायला गेलं की वाटे, आज नको, उद्या सकाळी ताज्या डोक्याने. सकाळी बाथरूमला रांग असायची. वाक्यं दोन्ही खरी होती आणि दोन्ही त्याला म्हणायची होती, एवढंच की एकदा म्हटली की मग ती मागे घेता आली नसती.

मास्तरांनी गाडी चार खांबांच्या रॅम्पवर चढवून ठेवली होती. जुन्या स्प्रिंगा काढून भिंतीशी उभ्या केल्या होत्या, चार, धुळीने माखलेल्या. नव्या निळ्या होत्या. आता त्यांनी चालकाच्या सीटवर पिशव्या रचल्या, दोन पंचवीसच्या खाली, त्यावर दोन दहाच्या, आणि वर चार किलोची एक लहानशी, आणि पट्टा ओढून लावला. तो ते बघत होता. रोज तो हेच करत आला होता, माणसांच्या जागी वजनं ठेवत, पण तिथे माणूस म्हणजे कुणीही माणूस असे. हा तो स्वतः होता. पट्टा लावून, समोर बघत, कुणाला काही न विचारता बसलेला. त्याला वाटलं, घरी गेल्या काही वर्षांत बायकोने खुर्चीत, पलंगावर, बाल्कनीत जे पाहिलं ते हेच. वजन बरोबर आहे, तक्रारीला जागा नाही. विचार गमतीचा होता आणि कुणाला तरी सांगावासा वाटला, आणि सांगायला जिच्याकडे जायचं तीच तेवढी आठवली. लग्नाआधी त्याच्याकडे मित्राची मोटरसायकल असे. ती पहिल्यांदा मागे बसली तेव्हा मागचा शॉक कचकन खाली बसला, खड्ड्यात तर चाक वर आदळलं. तो शरमला. ती हसत सुटली, म्हणाली, चला, तुझ्या गाडीला तरी कळलं मी बसलेय ते. पाठीवर तिचं हसणं लागत होतं, शब्दशः लागत होतं, बरगड्यांना. पुढे मुलीला दवाखान्यातून घरी आणताना त्याने सगळा रस्ता माणूस चालतो त्या वेगाने गाडी हाकली होती. मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. तीन किलोंनी गाडीच्या स्प्रिंगा काय दबणार, पण त्या दिवशी स्टिअरिंग जड लागत होतं हे त्याने शपथेवर सांगितलं असतं. मग कधी तरी गाडी हलकी झाली. कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात, याची नोंद कुठेही नव्हती.

मास्तर आकडीसारख्या टोकाच्या पान्याने स्प्रिंगांखालच्या कड्या फिरवत होते. फिरवायचं, गाडी हलवून बसवायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी धरायची, पुन्हा फिरवायचं. चारही कोपऱ्यांत पंचेचाळीस मिलिमीटर खाली. तो उकिडवा बसून बघत होता. फट मिटत गेली. शेवटी एक बोट जेमतेम जाईल एवढी उरली आणि गाडी अशी दिसली की त्याला छातीत सुख वाटलं, लाज वाटावी इतकं. मास्तरांनी लांब दांड्याचा पाना घेतला आणि तिथेच थांबले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे शिकवायला घेतलं. खालच्या दांड्यांना जिथे बोल्ट बसतात तिथे रबर असतं. पुष्कळ जण गाडी हवेत टांगलेली असतानाच बोल्ट आवळून टाकतात, मग गाडी जमिनीवर आली की रबर पिळतं आणि कायम पिळलेलंच राहतं. म्हणून आधी चाकं टेकू द्यायची, रोज जे वजन असणार ते आत ठेवायचं आणि मगच आवळायचं.

“म्हणून विचारतो साहेब, पुन्हा एकदा,” मास्तर म्हणाले. “घरची माणसं मागे बसणार नाहीत ना? बसणार असतील तर मागून पंधरा-वीस मिलिमीटर वर ठेवतो. आत्ता दोन मिनिटांचं काम आहे. आवळल्यावर सगळं उघडायला लागेल.”

दोन मिनिटांचं काम होतं. तीन, एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे मागचं चाक आलं आणि पुन्हा उघडलेली ती फट, आणि त्याने स्वतःला सांगितलं की आपण त्या फटीसाठी नको म्हणतोय. पण तेही संपूर्ण खरं नव्हतं आणि ते त्याला त्या क्षणी कळत होतं. तीन हा आकडा मास्तरांना सांगायचा तर तो आधी घरी सांगावा लागला असता. गाडीत तिघं बसणार की नाही हे सोमवारी ठरणार होतं, आणि ते ठरवायला त्याच्याखेरीज कुणीच नव्हतं. जिने विचारलं तिला उत्तर न देता ते गॅरेजात एका परक्या माणसाला द्यायचं, हे त्याला चोरीसारखं वाटलं. किंवा असं वाटून घेणं सोयीचं होतं. त्याला भीती वाटत होती. कशाची, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण वाटत होती ती भीतीच, दुसरं काही नव्हे.

“असू द्या,” तो म्हणाला. मास्तरांनी बोल्ट आवळले.

घरी येताना रस्ता त्याला सीटमधून वाचता येत होता. डांबराचं ठिगळ, झाकणाची लोखंडी कड, रंगवलेले पट्टेसुद्धा. वळणावर गाडी झुकत नव्हती. त्याने उगाचच दोन चौक जास्तीचे घेतले आणि एका दुकानाच्या मोठ्या काचेत स्वतःला जाताना पाहिलं. बायको आणि मुलगी बाल्कनीतून बघत होत्या. छान दिसते, बायको वरूनच म्हणाली, आणि तिच्या आवाजात कुत्सित काहीही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं. जेवताना त्याने रबराची गोष्ट सांगितली, टांगलेल्या गाडीची, आणि ती जेवायचं थांबून ऐकत राहिली. आता हा त्यावरून कुठेतरी येईल, अशा चेहऱ्याने. तो मास्तरांच्या फळ्याबद्दल बोलू लागला. ती पाणी प्यायली.

रविवारी दुपारी बायकोच्या बहिणीकडे जायचं होतं. बहीण शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत राहत होती. बायको पुढे बसली, मुलगी मागे, आणि डिकीत बहिणीला द्यायची जुनी पुस्तकं, दोन खोकी. मोठ्या रस्त्याला काही वाटलं नाही. वसाहतीत मात्र शंभर-शंभर पावलांवर स्पीडब्रेकर होते, मुलं खेळतात म्हणून घातलेले, तब्येतीने घातलेले. पहिल्यावर पुढची चाकं गेली, आणि मग गाडीच्या पोटाखालून असा आवाज आला की रस्त्याकडेच्या बाकावरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले. लांबलचक, खरवडणारा. त्याच्या दाढा शिवशिवल्या. बाबा, ही गाडी आहे की इस्त्री, मुलगी म्हणाली. दुसऱ्यावर तो तिरका गेला, एकेक चाक चढवत, तरी घासलंच. तिसऱ्याआधी त्याने गाडी थांबवली. मागून दुसरी गाडी येत नव्हती. बायको उतरली, मुलगीही उतरली, दोघी चालत पलीकडे गेल्या, त्याने गाडी हळूच ओलांडली, काही लागलं नाही, आणि त्या पुन्हा बसल्या. चौथ्याला तसंच. दारं उघडणं, दारं लावणं. पट्टा लावताना बायकोने विचारलं की गाडी तपासून दिली नव्हती का. मुलगी मागून म्हणाली की नव्या स्प्रिंगांचं असंच असतं, थोड्या दिवसांनी सुधारेल. ती त्याची बाजू घेत होती. त्याने सांगितलं की मास्तरांची चूक नाही, त्यांनी विचारलं होतं.

“काय विचारलं होतं?”

“गाडीत किती जण बसतात.”

तिने मान वळवली. तो समोर बघत होता. तीन म्हटलं होतं असं सांगता आलं असतं, मास्तर तिथे साक्षीला नव्हते. पण वीस वर्षांत त्याने पाटीवरचा आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. एक म्हणालो, तो म्हणाला. मग आणखी म्हणाला, त्यांनी दोनदा विचारलं. हे सांगायची काहीच गरज नव्हती.

मुलीने खिडकीची काच थोडी खाली केली, मग वर केली. बायकोच्या चेहऱ्यावर त्याला वाटलं होतं तसं काही आलं नाही. उलट चार दिवस तिथे जे ताणून धरलेलं होतं ते उतरलं. आलेला रिपोर्ट वाईट असला तरी आला म्हणजे माणसं जशी कामाला लागतात, तशी ती दिसली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तोंडाने तुला सांगता आलं नसतं. मी उद्या हो कळवते.”

पाचव्या स्पीडब्रेकरला त्या दोघी उतरल्या. आता बोलायचं, त्याने ठरवलं, पलीकडे गेल्यावर, त्या बसल्या की लगेच, काच लावून, तिन्ही वाक्यं एकदम. मीही येतो. एक म्हणालो ते चुकून. जाऊ नकोस, हेही म्हणायचं, क्रम कसाही असो. त्याने गाडी ओलांडली, पुढे घेतली, उभी केली आणि डाव्या बाजूचं दार आतून हात लांब करून उघडून धरलं. आरशात त्या येताना दिसत होत्या. मुलीने आईच्या हातातली पिशवी घेतली होती. बायको काहीतरी सांगत होती, हातवारे करत, खोल्यांची लांबीरुंदी सांगावी तसे हात, आणि मुलगी विचारत होती. त्या गाडीपाशी आल्या. बायकोने उघडं दार पाहिलं, ते हलक्या हाताने लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाली, पुढे अजून सहा आहेत, दर वेळी कशाला चढउतार, आम्ही चालतच येतो, तू हो पुढे. चांगल्या आवाजात म्हणाली. आणि त्या पुढे निघाल्या.

तो त्यांच्या मागून, माणूस चालतो त्या वेगाने गाडी नेऊ लागला. मागे एक गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. त्या दोघींनी वळून पाहिलं आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली. त्याला पुढे जावंच लागलं. सहावा स्पीडब्रेकर आला, इतरांपेक्षा उंच, नुकताच रंगवलेला. त्याने वेग कमी केला नाही. पोटाखालून तो आवाज यावा, एकदा तरी यावा, म्हणून तो दात आवळून, कान देऊन बसला. पुढची चाकं गेली, मागची गेली. काहीच घासलं नाही.